भारतातील आयफोन आणि दूरसंचार सेवादाते

ॲपल या अमेरिकी कंपनीचा आयफोन भारतात २२ ऑगस्ट २००८ रोजी अधिकृतपणे विक्रीस आला. तेव्हापासून 'आता आयफोन आणखी कोणत्या मोबाइल कंपनीकडे येणार' ही चर्चा अनेक वर्षे चालू राहिली. मूळ चर्चा अमेरिकेतील होती. तेथे एका विशिष्ट कंपनीचे ग्राहक असल्याखेरीज हा फोन घेता येत नसे. भारतात फोन आणि सिमकार्ड बहुधा वेगवेगळे विकत घेतले जात असल्याने विक्रेता कोण, यापेक्षा त्या विक्रेत्याकडे ग्राहकाच्या परिमंडळात कोणता स्पेक्ट्रम आहे, हा प्रश्न अधिक निर्णायक ठरला. महाराष्ट्र परिमंडळात, आणि म्हणून नागपुरात, या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी असल्याचे तीनदा दिसून आले: २००८, २०११ आणि २०२२ मध्ये.

== अमेरिकेतील पार्श्वभूमी ==

अमेरिकेत आयफोनची विक्री २९ जून २००७ रोजी सुरू झाली, ती केवळ एटी अँड टी या सेवादात्यामार्फत. व्हेरायझन ही तेथील मोठी प्रतिस्पर्धी कंपनी होती. तिच्याकडे हा फोन लवकरच येणार अशा बातम्या पुढील साडेतीन वर्षे येत राहिल्या आणि बहुतेक वेळा खोट्या ठरल्या. यामागे करारातील एकाधिकाराइतकेच तांत्रिक कारणही होते. एटी अँड टीचे जाळे जीएसएम प्रकारचे होते, तर व्हेरायझनचे सीडीएमए प्रकारचे. मूळ आयफोन सीडीएमए जाळ्यावर चालूच शकत नव्हता, त्यासाठी वेगळे यंत्र बनवावे लागणार होते. असे यंत्र तयार होत असल्याचे वृत्त 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने २०१० मध्ये दिले. ११ जानेवारी २०११ रोजी व्हेरायझनने घोषणा केली आणि १० फेब्रुवारी २०११ पासून प्रत्यक्ष विक्री सुरू झाली.

युरोपातही सुरुवातीला एका देशात एक सेवादाता अशीच पद्धत होती. फ्रान्समध्ये ऑरेंज या कंपनीच्या एकाधिकाराला तेथील स्पर्धा परिषदेने डिसेंबर २००८ मध्ये स्थगिती दिली. एकाधिकार संपवण्याचे काम तेथे बाजाराआधी नियामकाने केले.

== भारतात आगमन ==

अधिकृत विक्रीपूर्वीच अमेरिकेतील नातेवाईक वा सहकाऱ्यांमार्फत आणलेले आयफोन भारतीय शहरांत दिसू लागले होते. ते एटी अँड टीशी कुलूपबंद असत. कुलूप तोडण्याचे उपाय २००७ च्या उन्हाळ्यातच प्रसिद्ध झाले होते, मात्र ॲपलचे नवे सॉफ्टवेअर घेताच फोन पुन्हा बंद पडण्याचा धोका राही.

मे २००८ मध्ये व्होडाफोन समूहाने भारतासह दहा देशांत आयफोन विकण्याचा करार झाल्याचे जाहीर केले. अमेरिका आणि युरोपातील अनुभवावरून भारतातही एकाच कंपनीचा मक्ता राहील असे मानणे स्वाभाविक होते. परंतु त्याच महिन्यात सिंगापूरच्या सिंगटेलने आपल्या सहयोगी कंपन्यांसाठी करार केला. या कंपन्यांत भारती एअरटेलचाही समावेश होता. त्यामुळे भारतात पहिल्या दिवसापासून दोन विक्रेते होते. 'दुसऱ्या सेवादात्याकडे कधी येणार' हा अमेरिकी प्रश्न येथे उपस्थित होण्याआधीच निकाली निघाला.

आयफोन ३जीच्या ८ जीबी संचाची किंमत ३१,००० रुपये आणि १६ जीबी संचाची ३६,१०० रुपये होती. अमेरिकेत हाच ८ जीबी संच दोन वर्षांच्या करारावर १९९ डॉलरना, म्हणजे तेव्हाच्या दराने नऊ हजार रुपयांच्या आत मिळत होता. तेथे उरलेली रक्कम सेवादाता भरी आणि मासिक देयकातून वसूल करी. भारतात पूर्ण किंमत ग्राहकच भरत होता, तरीही फोन विकणाऱ्या कंपनीच्या जाळ्याशी कुलूपबंद असे. कुलूपबंदीचे समर्थन अनुदानाच्या वसुलीसाठी केले जाते. अनुदानच नसताना कुलूप लावण्यास ग्राहकाच्या दृष्टीने कोणतेही सबळ कारण नव्हते.

याहून मोठी विसंगती फोनच्या नावातच होती. 'आयफोन ३जी' विक्रीस आला तेव्हा भारतात ३जी सेवा अस्तित्वात नव्हती. एमटीएनएलने ती दिल्लीत डिसेंबर २००८ मध्ये आणि बीएसएनएलने २००९ मध्ये सुरू केली. खासगी कंपन्यांना तर स्पेक्ट्रम २०१० च्या लिलावानंतर मिळाला. तोपर्यंत एअरटेल वा व्होडाफोनचा आयफोनधारक २जी जाळ्यावरच अवलंबून होता.

== परिमंडळे आणि नागपूरचे स्थान ==

भारतातील मोबाइल परवाने आणि स्पेक्ट्रम देशासाठी एकत्रितपणे न देता परिमंडळनिहाय दिले जातात. देशात अशी २२ परिमंडळे आहेत. नागपूर हे मुंबई वगळता उर्वरित महाराष्ट्र आणि गोवा यांच्या परिमंडळात मोडते, तर मुंबईचे परिमंडळ स्वतंत्र आहे. म्हणूनच मुंबईत उपलब्ध असलेली सेवा त्याच कंपनीकडून नागपुरात मिळेलच असे नाही. आयफोनसंबंधीच्या वृत्तपत्रीय बातम्या बहुधा मुंबई-दिल्लीतून लिहिल्या जात आणि त्यांत हा फरक क्वचितच नोंदवला जाई.

महाराष्ट्र परिमंडळात १९९० च्या दशकात बिर्ला एटी अँड टी आणि बीपीएल या कंपन्यांनी सेवा सुरू केली. पहिलीचे रूपांतर पुढे आयडियात झाले. दुसरी हचकडे आणि हचमार्फत २००७ मध्ये व्होडाफोनकडे गेली. आयडियाचा या परिमंडळात मोठा ग्राहकवर्ग होता, पण २००८ च्या आयफोन करारांत ती कंपनी नव्हती.

३जी स्पेक्ट्रमचा लिलाव ९ एप्रिल ते १९ मे २०१० या काळात झाला आणि त्यातून शासनाला सुमारे ६७,७१९ कोटी रुपये मिळाले. महाराष्ट्र परिमंडळातील एका लहरीपट्ट्याची किंमत सुमारे १,२५८ कोटी रुपये ठरली. येथील तीन पट्टे टाटा, आयडिया आणि व्होडाफोन यांनी जिंकले. एअरटेलला देशातील १३ परिमंडळांत स्पेक्ट्रम मिळाला. त्यात मुंबई होती, महाराष्ट्र नव्हते. एअरसेललाही १३ परिमंडळे मिळाली, पण तिच्या यादीतही महाराष्ट्र नव्हते.

== आयफोन ४ आणि नवे सेवादाते ==

२०११ च्या पूर्वार्धात भारतातील विक्रेत्यांची यादी बदलली. २७ मे २०११ रोजी आयफोन ४ आणला तो एअरटेल आणि एअरसेल यांनी, पहिल्या दिवशीच्या विक्रेत्यांत व्होडाफोनचे नाव नव्हते. १६ जीबी संचाची किंमत ३४,५०० रुपये होती. हा फोन कुलूपमुक्त होता. दोन्ही कंपन्यांनी आपल्या मासिक योजना घेणाऱ्यांना फोनच्या किमतीचा काही भाग देयकातील सवलतीच्या रूपाने परत देऊ केला. २५ नोव्हेंबर २०११ रोजी आयफोन ४एस याच दोन कंपन्यांनी बाजारात आणला.

आयफोनच्या प्रसारातील हा टप्पा सामान्यतः नव्या सेवादात्याच्या आगमनाचा म्हणून सांगितला जातो. नागपुरातील ग्राहकाच्या दृष्टीने पाहिल्यास चित्र वेगळे दिसते. ज्या दोन कंपन्या अधिकृतपणे हा फोन विकत होत्या, त्यांपैकी एकीकडेही महाराष्ट्र परिमंडळाचा स्वतःचा ३जी स्पेक्ट्रम नव्हता. ज्या तीन खासगी कंपन्यांकडे तो होता, त्या पहिल्या दिवशीच्या विक्रेत्यांत नव्हत्या. फोन कुलूपमुक्त असल्याने ग्राहकाला एका दुकानातून फोन आणि दुसऱ्या कंपनीचे सिम घेता येत होते, पण तसे केल्यास देयकातील सवलत हातची जाई. शिवाय आयफोन ४ ला नेहमीपेक्षा लहान मायक्रो सिम लागे. ते सहज मिळत नसल्याने जुने सिम कातरून बसवण्याचे काम मोबाइल दुरुस्तीची दुकाने करू लागली, आणि चुकीच्या जागी कातरलेले सिम कायमचे निकामी होई.

एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांनी परस्परांच्या ३जी जाळ्यांचा वापर करण्याचे करार केले. त्यांना परिमंडळांतर्गत रोमिंग म्हटले जाते. या करारांमुळे एअरटेलचा ग्राहक महाराष्ट्रातही ३जी वापरू शकत होता. दूरसंचार विभागाने डिसेंबर २०११ मध्ये हे करार परवान्याच्या अटींविरुद्ध ठरवून सेवा बंद करण्याचा आदेश दिला. वाद न्यायालयात गेला. एअरटेलला सात परिमंडळांसाठी ३५० कोटी रुपयांचा दंड ठोठावण्यात आला. महाराष्ट्र हे त्यांपैकी एक परिमंडळ होते. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या परिमंडळांत नवे ३जी ग्राहक घेण्यास एअरटेलला मनाई केली. अखेर दूरसंचार विवाद निवारण व अपील न्यायाधिकरणाने एप्रिल २०१४ मध्ये कंपन्यांच्या बाजूने निकाल देऊन दंड रद्द केला. अडीच वर्षे चाललेल्या या वादात आयफोनचा उल्लेख कोठेही नव्हता, पण त्या फोनवर नागपुरात इंटरनेट कसे चालेल हे ठरत होते ते याच खटल्यात.

== क्रमांक कायम ठेवून सेवादाता बदलणे ==

सेवादात्याशी ग्राहक बांधला जाण्याचे भारतातील खरे कारण फोनपेक्षा मोबाइल क्रमांक हे होते. मोबाइल नंबर पोर्टेबिलिटीची सुविधा २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात आणि २० जानेवारी २०११ रोजी देशभर लागू झाली. १९०० या क्रमांकावर लघुसंदेश पाठवून आणि जास्तीत जास्त १९ रुपये शुल्क भरून कंपनी बदलता येऊ लागली. हव्या त्या फोनसाठी वा वेगवान जाळ्यासाठी क्रमांक सोडण्याची गरज उरली नाही.

या सुविधेलाही परिमंडळाची मर्यादा होती. नागपूरहून पुण्याला शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याला तोच क्रमांक ठेवून कंपनी बदलता येई, मुंबईला वा हैदराबादला गेलेल्याला तेथील कंपनीकडे तो नेता येत नसे. ही मर्यादा ३ जुलै २०१५ रोजी संपली.

भारतातील सीडीएमए ग्राहकांची, म्हणजे प्रामुख्याने रिलायन्स आणि टाटा इंडिकॉमच्या ग्राहकांची, स्थिती मात्र अमेरिकेतील व्हेरायझनच्या ग्राहकांसारखीच होती. त्यांचे फोन बहुधा सेवादात्याशीच बांधलेले असत, आणि जीएसएम आयफोन त्यांच्या उपयोगाचा नव्हता.

== ब्लॅकबेरीचे उदाहरण ==

लोकप्रिय स्मार्टफोन नव्या सेवादात्याकडे जाणे हा केवळ व्यापारी करार नसतो, हे ब्लॅकबेरीच्या बाबतीत आधीच दिसले होते. एअरटेलने ही सेवा २००४ मध्ये सुरू केली आणि पुढे इतर काही कंपन्यांनीही ती दिली. २००८ मध्ये टाटा टेलिसर्व्हिसेसने परवानगी मागितली, तेव्हा या फोनवरील संदेशांवर सुरक्षा यंत्रणांना देखरेख ठेवता येत नाही हा मुद्दा पुढे आला. परवानगी अडली आणि आधीच चालू असलेल्या सेवाही वादात सापडल्या.

== सेवादात्यांचे महत्त्व कमी होणे ==

२ नोव्हेंबर २०१२ रोजी आलेला आयफोन ५ ॲपलने इन्ग्राम मायक्रो आणि रेडिंग्टन या वितरकांमार्फत सामान्य दुकानांत पोहोचवला. पाठोपाठ हप्त्यांवरील विक्री आणि जुना फोन परत घेण्याच्या योजना आल्या. सेवादात्याकडून मिळणारी सवलत भारतात कधी रुजली नव्हती, तिची जागा बँकांच्या मासिक हप्त्यांनी घेतली.

याला एक अपवाद झाला. रिलायन्स कम्युनिकेशन्सने १ नोव्हेंबर २०१३ पासून आयफोन ५एस आणि ५सी अमेरिकी धर्तीच्या २४ महिन्यांच्या करारावर देऊ केले. ५एससाठी दरमहा २,८०० रुपये आणि ५सीसाठी २,५०० रुपये आकारले जात. रिलायन्सकडेही मुंबईचा ३जी स्पेक्ट्रम होता, महाराष्ट्राचा नव्हता. एअरसेलने २०१८ च्या आरंभी महाराष्ट्रासह सहा परिमंडळांतील सेवा गुंडाळली. आयडिया आणि व्होडाफोन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एकत्र आल्या.

सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओकडे केवळ ४जी जाळे होते आणि त्यावरील संभाषणही इंटरनेटच्याच मार्गाने होत असे. ही सोय आयफोन ६ आणि त्यानंतरच्या संचांतच होती. आयफोन ५एस वापरणाऱ्यांना बोलण्यासाठी जिओचे वेगळे ॲप घ्यावे लागे. कोणता आयफोन कोणत्या जाळ्यावर चालेल हे आता विक्री करारावर नव्हे, तर यंत्राच्या क्षमतेवर अवलंबून होते.

== नागपुरातील ५जी आणि २०२२ ची प्रतीक्षा ==

भारतात ५जी सेवेचा प्रारंभ १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाला. एअरटेलने पहिल्या टप्प्यासाठी निवडलेल्या आठ शहरांत दिल्ली, मुंबई, बंगळूर, चेन्नई, हैदराबाद, वाराणसी आणि सिलिगुडी यांच्यासह नागपूरचा समावेश होता. ३जीच्या काळात ज्या परिमंडळात या कंपनीकडे स्वतःचा लहरीपट्टा नव्हता, तेथील हे शहर यावेळी पहिल्या यादीत होते.

अडथळा या वेळी उलट बाजूने आला. आयफोन १२ आणि त्यानंतरच्या संचांत ५जीसाठी लागणारे सर्व भाग होते, सिम बदलण्याचीही गरज नव्हती, पण भारतीय जाळ्यांवर ही सोय सुरू करणारे सॉफ्टवेअर ॲपलने दिलेले नव्हते. केंद्र शासनाच्या अधिकाऱ्यांनी ऑक्टोबरमध्ये फोन उत्पादकांशी याविषयी चर्चा केली. ॲपलने डिसेंबरचा वायदा केला, नोव्हेंबरमध्ये एअरटेल आणि जिओच्या ग्राहकांना चाचणी आवृत्ती दिली आणि डिसेंबरच्या मध्यास आयओएस १६.२ सर्वांसाठी खुली केली. दरम्यान '५जी सिम'च्या नावाखाली दूरध्वनी करून ओटीपी मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचे इशारे विविध शहरांच्या पोलिसांनी दिले. नागपुरातील एअरटेलच्या आयफोनधारकांना शहरात ५जी सुरू झाल्यानंतरही सुमारे अडीच महिने ४जीवरच राहावे लागले, तर त्याच काळात तुलनेने स्वस्त असे अनेक अँड्रॉइड फोन त्याच जाळ्यावर ५जी वापरत होते.