पोढी, मिलो आणि देणं

श्रीमंत परक्याने इथल्या लोकांसाठी पदरचं काही दिल्याचा आपल्या भागातला जुना पुरावा दगडात कोरलेला आहे. मंचरहून नारायणगावमार्गे जुन्नरला जावं. तिथल्या लेण्यांतल्या ब्राह्मी लेखांत यवन, म्हणजे परदेशी, दाते भेटतात. इरिलाने पाण्याच्या दोन पोढ्या, म्हणजे टाकी, दिल्या, चिटाने भिक्षुसंघाला भोजनमंडप. नाणेघाटाच्या वाटेने जुन्नरला पैसा येत होता, आणि हे यवनही त्या व्यापारातलेच असावेत. जिथे कमावलं तिथेच दिलं, हे मला त्यांच्या पुण्याहून मोलाचं वाटतं.

दादाभाई नौरोजींनी याची उलट बाजू हिशोबाने मांडली, १९०१च्या ग्रंथात तर सविस्तर. इथली संपत्ती इंग्लंडला वाहून जाते आणि म्हणून इथे दारिद्र्य आहे, असं ते आकड्यांनिशी सांगत. हा हिशोब पटला, तर दुष्काळातली मदत उपकार उरत नाही.

स्वातंत्र्यानंतर उपकाराचीच भाषा परत आली. १९५४चा अमेरिकेचा पीएल-४८० कायदा भुकेल्यांसाठी होता, तसाच तिथला जादा गहू खपवण्यासाठीही. त्या गव्हाचे पैसे आपण रुपयांत मोजत होतो. १९६५-६६च्या टंचाईत अध्यक्ष जॉन्सन यांनी जहाजं अडवून अडवून सोडली. भारताचं शेतीधोरण आणि व्हिएतनामबद्दलचं बोलणं दोन्ही त्यांना खुपत होतं. अमेरिकेच्या नावे साठलेल्या रुपयांपैकी १,६६४ कोटी १९७४मध्ये एका चेकने भारताला परत मिळाले.

बहात्तरच्या दुष्काळाचा विषय निघाला, की म्हातारी माणसं खडी फोडण्याची कामं, सुकडी आणि रेशनवरची लाल मिलो ज्वारी हमखास काढतात. ‘अमेरिकेने जनावरांचं खाणं आपल्याला दिलं’ हा राग अजून गेलेला नाही. पण बांगलादेश युद्धाच्या वेळी, १९७१च्या डिसेंबरात, अमेरिकेने मदत रोखली होती. पुढच्या टंचाईत बाहेरून आलेलं बहुतेक धान्य भारताने रोख मोजून घेतलं. म्हणजे भीक म्हणून जी आठवते, ती बरीचशी खरेदी होती!

दुष्काळाच्या दोन वर्षं आधी, १९७०मध्ये, संयुक्त राष्ट्रांत श्रीमंत देशांसाठी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदतीचं उद्दिष्ट ठरलं होतं. मोजक्या देशांपलीकडे ते कुणी गाठलं नाही. हवामानबदलाने पुन्हा दादाभाईंचाच प्रश्न समोर आणला: धूर कुणाचा, नुकसान कुणाचं? २०१५च्या पॅरिस परिषदेत नुकसानीचं कलम आलं. त्यावरून कायदेशीर दायित्व किंवा भरपाई मागता येणार नाही, असं सोबतच्या निर्णयात नोंदवून घेण्यात आलं. २०२२मध्ये नुकसानीसाठीचा निधीही मान्य झाला. त्यात पैसे घालणं ऐच्छिक आहे.