पट्टीच्या आधी वीत: लहान मुलांना लांबी मोजायला कसं शिकवावं?

एक पेन्सिल पट्टीला लावून ठेवली आहे. तिचं एक टोक ३ च्या खुणेवर आहे, दुसरं ८ च्या. पेन्सिल किती लांब? पहिली-दुसरीतली बरीच मुलं '८ सेंटिमीटर' असं सांगतात. काही मुलं ३ पासून ८ पर्यंतचे आकडे मोजतात आणि '६' म्हणतात. बरोबर उत्तर आहे ५.

या मुलांना पट्टीवरचा आकडा वाचता येतो, पण लांबी म्हणजे दोन खुणांमधल्या जागा, हे अजून कळलेलं नसतं. ते कळण्यासाठी पट्टीच्या आधी हात, पाऊल, काड्या आणि खडू उपयोगी पडतात. पायाभूत साक्षरता आणि अंकज्ञानासाठी २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानातही लहान वर्गांसाठी अशा अप्रमाणित एककांनी मोजण्याचा समावेश आहे.

पहिली पायरी: तुलना

सुरुवात आकड्याशिवाय करावी. दोन चमच्यांपैकी लांब कोणता? इथे मुलं नेमकी कुठे चुकतात, हे स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी दाखवलं. सारख्या लांबीच्या दोन काड्या शेजारी ठेवून एक थोडी पुढे सरकवली, की लहान मुलाला ती लांब वाटते. ते फक्त पुढे गेलेलं टोक बघतं. म्हणून 'दोघांची एक टोकं एका रेषेत आण, मग बघ' ही सवय आधी लागायला हवी.

दार आणि कपाट तर शेजारी आणता येत नाहीत. अशा वेळी सुतळी घ्यावी, दाराच्या रुंदीएवढी धरावी आणि कपाटाला लावून बघावी.

दुसरी पायरी: एकाच वस्तूने मोजणं

आता प्रश्न 'किती?' असा. पाट किती काड्यांएवढा लांब? न वापरलेल्या आइस्क्रीमच्या काड्या किंवा एकाच मापाचे ठोकळे ओळीने मांडायला द्यावेत. नियम तीन:

- सगळ्या वस्तू सारख्या लांबीच्या हव्यात.
- दोन वस्तूंमध्ये फट नको, एकावर दुसरी चढायला नको.
- या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेषेत मांडायचं.

हे जमल्यावर एकच काडी द्यावी. काडी संपते तिथे खूण करायची आणि तिथूनच ती पुन्हा ठेवायची. हे आधीपेक्षा अवघड आहे. एकाच लांबीचे सारखे तुकडे होतात, ही कल्पना इथेच पक्की होते.

तिसरी पायरी: वीत कोणाची?

वीत म्हणजे ताणलेल्या अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतचं अंतर. टेबल मुलाने मोजलं तर समजा ९ विती भरतं आणि आजोबांनी मोजलं तर ६. मग खरं कोणाचं? दोघांचंही. माप जेवढं मोठं, तेवढं ते कमी वेळा बसतं. हे सांगून टाकू नये. मुलाला दोन्ही आकडे समोर ठेवून विचार करू द्यावा.

सगळ्यांसाठी एकच माप का लागतं, हे इथून आपोआप पुढे येतं. आजीच्या नऊवारीत तर जुनं मापच दडलेलं आहे. १ वार म्हणजे ३ फूट, त्यामुळे ९ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर.

चौथी पायरी: पट्टी

पट्टी म्हणजे एकमेकांना चिकटवलेले सारखे तुकडे. १ सेंटिमीटरचे कागदी तुकडे पुठ्ठ्यावर चिकटवून मुलाने स्वतः पट्टी केली, तर सुरुवात ० पासून का, हे वेगळं सांगावं लागत नाही. मग ३ ते ८ वाली पेन्सिल पुन्हा द्यावी.

अंदाज कसा शिकवायचा?

आधी अंदाज, मग मोजणी, मग फरक. हाच क्रम ठेवावा. मोजून झाल्यावर विचारलेला अंदाज हा अंदाज नसतो. चुकला म्हणून रागावलं, तर मुलं आधी चोरून मोजतात आणि तोच आकडा अंदाज म्हणून सांगतात. त्यापेक्षा 'मागच्या वेळेपेक्षा जवळ आलास' एवढं पुरे.

अंदाजाला आधार लागतो. घरात सापडणारी काही मापं:

- १० रुपयांचं नाणं: रुंदी २.७ सेंटिमीटर
- एटीएम कार्ड: लांबी साधारण साडेआठ सेंटिमीटर
- ५०० रुपयांची सध्याची नोट: लांबी १५ सेंटिमीटर
- ए४ कागद: लांबी २९.७ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास एक फूट

यासाठी वेगळा तास लागत नाही. भाकरी किती विती, पलंगापासून दारापर्यंत किती पावलं, वाळत घातलेला टॉवेल किती हात, एवढे प्रश्न पुरतात. मोजायचं मात्र मुलाने स्वतः.