शेजारी आणि वेठबिगार : रुमानियातील वस्तीच्या शब्दांचा इतिहास

इंग्रजी-रुमानियन शब्दकोश उघडून ‘नेबर’ हा शब्द काढला, तर त्यापुढे ‘वेचिन’ असा शब्द दिलेला आढळतो. शेजारी तो शेजारी. त्यात व्याख्यान देण्याजोगे काय आहे, असे कोणासही वाटेल. परंतु अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोल्दावियातील एखाद्या कुणब्यास ‘तू वेचिन आहेस’ असे सरदाराच्या कारकुनाने म्हटले, तर तू माझ्या भिंतीला भिंत लावून राहतोस असा त्याचा अर्थ होत नसे. तू जमिनीला बांधलेला आहेस, धन्याच्या परवानगीवाचून तुला गाव सोडता येणार नाही, असा तो अर्थ होता. वेठबिगाराचे कायद्यातील नावच मुळी ‘शेजारी’ असे होते.

हा शब्द लॅटिनमधून आला. ‘विकुस’ म्हणजे वस्ती किंवा आळी, आणि त्या वस्तीतला माणूस तो ‘विकिनुस’. पुढे ज्या गावांची जमीन बोयार सरदारांच्या किंवा मठांच्या हाती गेली, त्या गावांतील माणसांना हे साधेसुधे नाव बेडीसारखे चिकटले. शेजारच्या वालाकियात तर याहून विलक्षण प्रकार होता. तेथे वेठबिगारास ‘रुमान’ म्हणत. म्हणजे ज्या नावाने सारा समाज स्वतःस ओळखतो, तेच नाव त्यातील बांधलेल्या माणसास दिलेले. आपल्याच लोकांचे नाव हा हलकेपणाचा शिक्का झालेला दुसरा देश माझ्या वाचनात नाही.

ही पद्धत मोडली ती कोणाच्या दयेमुळे नव्हे. कुणबी रात्रीतून पळून सरहद्द ओलांडत, गावे ओस पडत आणि सुलतानाच्या खंडणीसाठी लागणारा कर वसूल होईनासा होई. कामगार संप करू शकत नसेल तेव्हा तो पाय लावून पळतो, हा फार जुना संप होय. अखेर राजा कॉन्स्टान्टिन माव्रोकोर्दात याने १७४६ साली वालाकियात आणि १७४९ साली मोल्दावियात ही वेठबिगारी रद्द केली. वालाकियात जो धनी आपण होऊन सोडणार नाही, त्याच्याकडून दहा तालेर नाणी भरून सुटका करून घेण्याची सोय ठेवण्यात आली. म्हणजे स्वातंत्र्य मिळाले, पण तेही रोखीने.

तेव्हापासून ‘वेचिन’ हा शब्द मोकळा झाला. माणूस मात्र पुरता मोकळा झाला नाही, कारण जमीन धन्याचीच राहिली आणि तिच्या मोबदल्यात ‘क्लाका’ म्हणजे वेठीचे दिवस भरणे चालूच राहिले. दिवस तरी कसला? ठरावीक काम म्हणजे एक दिवस, आणि ते काम असे नेमलेले की त्याला तीन दिवस लागावेत. मार्क्सने ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडात (१८६७) कामाच्या दिवसाच्या प्रकरणात डॅन्यूबकाठच्या या संस्थानांचा हिशेब तपशिलाने मांडला आहे. कायद्यात लिहिलेले १४ दिवस, आणि सर्व धरून प्रत्यक्षात भरणारे ५६! नगावर मजुरी ठरविणाऱ्या कारखान्यांत ज्यांनी आयुष्य काढले, त्यांस हे गणित समजावून सांगावयास नको. ही वेठ १८६४ सालच्या जमीन कायद्याने गेली.

आता इंग्रजीकडे पाहू. इंग्रजांचा ‘नेबर’ही काही फार उजळ कुळीचा नाही. जुन्या इंग्रजीत ‘नेआह’ म्हणजे जवळ आणि ‘गेबूर’ म्हणजे तेथे राहून शेती करणारा. अकराव्या शतकातील एका इंग्रजी टिपणात या गेबूराची कर्तव्ये नोंदलेली आहेत : वर्षभर आठवड्यातून दोन दिवस धन्याच्या शेतावर राबावे, आणि सुगीत तीन दिवस. त्याच्याच गोतातला ‘बूर’ हा शब्द इंग्रजीत आज गावंढळ, असभ्य माणसास लावतात. तेव्हा कोशातील या जोडीच्या दोन्ही टोकांना राबणारा माणूसच उभा आहे. कोशकारास हे ठाऊक असो वा नसो, भाषांतर त्याच्या कल्पनेपेक्षा चोख झाले आहे.

शेजार या शब्दाची दुसरी, अधिक सुखाची हकिगत ट्रान्सिल्वानियात आढळते. तेथे मध्ययुगात येऊन स्थायिक झालेल्या जर्मन भाषिक सॅक्सन लोकांत ‘शेजार’ ही एक रीतसर संस्थाच होती. एका आळीची घरे मिळून एक शेजार. त्याचा निवडलेला मुख्य तो ‘शेजारबाप’. आग विझविणे, विहीर उपसणे, रात्रीची गस्त, घर बांधण्यास हात लावणे, कोणी वारले तर कबर खणून खांदा देणे, ही कामे वाटून घेत. वर्गणी असे, गैरहजेरीस दंड असे, आणि पैसे व कागद ठेवावयास एक लाकडी पेटी असे. निरोप द्यावयाचा झाल्यास एक कोरलेली खूण घरोघर फिरे. ही चाल त्या भागातील रुमानियन लोकांनीही उचलली आणि तिला ‘वेचिनताते’ म्हटले. इंग्रजी ‘नेबरहुड’ला कोशात हाच शब्द देतात, पण इंग्रजी शब्दात नुसता परिसर आहे, त्यात ती पेटी नाही. १९८९ नंतर बहुतेक सॅक्सन जर्मनीस निघून गेले आणि पुष्कळ पेट्या संग्रहालयांत जाऊन बसल्या.

शहराचा शब्द मात्र निराळा. बुखारेस्टमध्ये वस्तीस ‘महाला’ म्हणत. हा तुर्की ‘महल्ले’. मूळ अरबी, उतरणे, मुक्काम करणे या अर्थाच्या धातूपासून आलेला. आपला मोहल्ला त्याच धातूचा, आणि वसुली खात्यातला महालही. असे पाहुणे आणखीही आहेत. रुमानियन पोरे चेंडू खेळतात ती मोकळी जागा ‘मायदान’, शत्रू ‘दुश्मान’, आणि महिनाअखेर घरमालक मागतो ते ‘किरिये’ म्हणजे आपला किराया! भाडे मागणाऱ्याने शब्द इतक्या दूरवर नेऊन पोचविला, याचे मला तरी नवल वाटत नाही.

बुखारेस्टची जुनी महाला म्हणजे एका चर्चभोवतीची वस्ती. घरे बुटकी, अंगणे मोठी. नाव चर्चचे, ते बांधणाऱ्याचे किंवा तेथील धंद्याचे. जुन्या पेठेत आजही खोगीरवाल्यांची, लोहारांची, कातडेवाल्यांची नावे गल्ल्यांना आहेत. एकोणिसाव्या शतकात पॅरिसहून शिकून आलेल्या मुलांनी ‘कार्तिएर’ हा फ्रेंच शब्द आणला. तेव्हापासून प्रतिष्ठितांची वस्ती ती कार्तिएर, आणि महाला शहराच्या कडेला, चिखलात ढकलली गेली. कारागियाले या नाटककाराने १८७९ साली ‘वादळी रात्र’ या प्रहसनात महालेतील माणसांची यथेच्छ थट्टा केली. ती थट्टा खरोखरच मार्मिक आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पुढे भांडकुदळ, चहाटळ माणसास ‘महालाजिउ’ म्हणण्याची रीत रूढ झाली. इंग्रजी ‘बूर’ची गोष्ट येथे पुन्हा घडली.

इंग्रजी भाषांतरकाराची खरी पंचाईत येथे होते. महालेस ‘सबर्ब’ म्हणावे, तर डोळ्यांपुढे कारकुनाचा बागबगीचा उभा राहतो. ‘स्लम’ म्हणावे, तर तो शब्द मुळात लंडनच्या चोरांच्या बोलीतला. १८१२ साली जेम्स हार्डी वॉक्स या हद्दपार कैद्याने लिहिलेल्या यादीत त्याचा अर्थ नुसती खोली असा आहे. महालेस चर्च होते, अंगण होते, आणि वेळप्रसंगी ती कामगारांच्या पाठीशी उभी राहत असे. फेब्रुवारी १९३३ मध्ये ग्रिवित्सा येथील रेल्वे कारखान्यातील कामगारांनी कारखाना ताब्यात घेऊन भोंगा वाजविला, तेव्हा भोवतालच्या वस्तीतील माणसे फाटकाबाहेर जमली. १६ तारखेस सैन्याने गोळीबार केला.

पुढच्या राजवटीने कामगारांच्या नावाने राज्य केले आणि त्यांच्यासाठी नवे कार्तिएर उठविले. इमारतीस नाव ‘ब्लोक’. अमेरिकन इंग्रजीतला ‘ब्लॉक’ म्हणजे चार रस्त्यांमधला तुकडा; रुमानियन ‘ब्लोक’ म्हणजे एकच उंच इमारत, पत्त्यात जिन्याचाही क्रमांक असलेली. त्या घरांत नळ आला, ऊब आली, हे मोठेच काम झाले. पण १९८० नंतरच्या दशकात चाउशेस्कूच्या महालासाठी उरानुस नावाची जुनी वस्तीच पाडण्यात आली. माणसांना बिऱ्हाड आवरावयास फार थोडा वेळ मिळाला. मिहाय व्होदा हे चर्च मात्र १९८५ साली मुळासकट उचलून, रुळांवरून पावणेतीनशेहून अधिक मीटर सरकविले गेले. आज ते ब्लोकांच्या मागे दडलेले आहे. ज्या महालेचे ते चर्च, ती मात्र कोणी रुळांवर ठेवली नाही.