बर्फाच्या पेटीतून सुटलेली लस

बुळकांडी हा गुरांचा सर्वांत घातक साथरोग होता. अंगात सणसणून ताप, तोंडात फोड, डोळ्यां-नाकातून स्राव, मग रक्तमिश्रित हगवण, आणि लागण तीव्र असेल तर काही दिवसांत जनावर मरून पडे. १८८७च्या सुमारास हा रोग इरिट्रियात शिरला आणि दहाएक वर्षांत दक्षिण आफ्रिकेपर्यंत पोहोचला. अनेक प्रदेशांत दहांपैकी आठ-नऊ गुरे मेली आणि गुरांवर जगणारी माणसे उपासमारीत सापडली. या रोगावर लस सापडली; पण ती प्रयोगशाळेपासून दावणीपर्यंत जिवंत पोहोचवायला आणखी कित्येक दशके लागली.

हिंदुस्थानातील गुरांच्या साथींची चौकशी करणाऱ्या आयोगाने १८७१मध्ये अहवाल दिला. पुढे १८८९मध्ये पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. १८९३मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरातील मुक्तेश्वरला हलवली गेली. तिथली हवा थंड होती आणि आसपास वस्ती विरळ असल्याने घातक जंतू हाताळणे कमी धोक्याचे होते. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था याच प्रयोगशाळेतून वाढली.

त्या काळी रोगी जनावराचे रक्त आणि रोगातून वाचलेल्या जनावराचा रक्तद्रव एकाच वेळी टोचत. उपाय गुणकारी होता, पण रक्तातला विषाणू उष्णतेत फार टिकत नसे. त्यामुळे एका जनावरातून दुसऱ्यात लागण करत तो राखावा लागे. विषाणू जपण्याची खात्रीची जागा म्हणजे जिवंत जनावरच होते. १९२०च्या दशकात मुक्तेश्वरला जे. टी. एडवर्ड्स यांनी हा विषाणू शेळ्यांमध्ये पुन्हापुन्हा वाढवून गुरांसाठी सौम्य केला. शेळीच्या ऊतींपासून बनलेली ही लस पुढे गोठवून सुकवता येऊ लागली. त्यामुळे ती साठवणे सोपे झाले आणि १९५४मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचा ती आधार ठरली.

केनियातील मुगुगा येथे वॉल्टर प्लोराइट यांनी विषाणू पेशींच्या संवर्धनात वाढवून १९६०च्या सुमारास नवी लस सिद्ध केली. ती सर्व जातींच्या गुरांना सुरक्षित होती, स्वस्त होती आणि एका टोचणीत दीर्घकाळ संरक्षण देई. तिची एकच मोठी अडचण होती: ती उष्णतेत टिकत नसे.

कुपीच्या तळाशी सुकलेल्या लसीची फिकट वडी असे. लस टोचणारा तीत थंड द्रावण सोडी, कुपी अलगद फिरवून वडी विरघळवी आणि मग त्याची घाई सुरू होई. विरघळलेली लस बर्फावर, उन्हापासून झाकून ठेवायची, काही तासांत संपवायची आणि उरलेली फेकून द्यायची, असा नियम होता. गुरे रानात पांगलेली असली किंवा वाटेत बर्फ वितळला, की लस वाया जाई. त्याहून वाईट म्हणजे उन्हाने निकामी झालेली लस दिसायला चांगल्या लसीसारखीच असे. टोचणी झाल्यामुळे मालक निर्धास्त होई, जनावर मात्र उघड्यावरच राही. १९६२ ते १९७६ या काळातील आफ्रिकेच्या संयुक्त मोहिमेने रोग जवळजवळ आटोक्यात आणला. पण दुर्गम, अशांत कुरणांत तो लपून राहिला आणि १९८०च्या दशकात पुन्हा उसळला.

त्या दशकात अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाचे जेफ्री मरिनर यांनी मूळ विषाणू तोच ठेवून त्याची जपणूक बदलली. साखर व प्रथिनांचे योग्य मिश्रण त्यांनी लसीत घातले आणि सुकवण्याचा अवधी वाढवून ओलावा आणखी कमी केला. या सुकवलेल्या लसीची कुपी उष्ण प्रदेशातही सुमारे महिनाभर शीतपेटीविना वापरता येऊ लागली. आता वाहन आणि बर्फ नसलेल्या भागांतही लस पायी नेता येत होती. युगांडा, इथिओपिया आणि दक्षिण सुदानच्या कुरणांत पशुपालकांमधूनच निवडलेली, शिकवून तयार केलेली माणसे कुप्या घेऊन कळपांपर्यंत पोहोचली. कुठला कळप कधी कुठल्या पाणवठ्यावर येतो, हे त्यांना पाठ होते.

भारतात बुळकांडीचा शेवटचा रुग्ण १९९५मध्ये आढळला, तर जगात २००१मध्ये केनियातील रानम्हशींमध्ये. २०११मध्ये जग बुळकांडीमुक्त जाहीर झाले. देवीनंतर समूळ नष्ट झालेला हा दुसराच रोग होय.

बुळकांडीच्या लसीला उष्णतेचे भय होते; इतर लसींची तऱ्हा वेगळी आहे. लाळ्या-खुरकूत किंवा घटसर्पाच्या मृत जंतूंच्या लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात, पण त्या गोठूही द्यायच्या नसतात. गोठल्याने त्यांतील तेल किंवा ॲल्युमिनियमचा घटक विस्कटतो आणि लसीचा गुण जातो. बर्फाच्या खड्याला थेट टेकलेली बाटली म्हणूनच उन्हात राहिलेल्या बाटलीइतकीच घातक ठरते. बुळकांडीच्या लसीचे आणि विषाणूचे उरलेसुरले साठे आता जगातील मोजक्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत कडक पहाऱ्यात जपले जातात.