टांकसाळीची चूक कीं मागाहूनचा घाव?

विठ्ठलवाडीपासून बदलापुरापर्यंतच काय, महाराष्ट्रांतील कोणत्याहि जुन्या घरच्या देव्हाऱ्यांत एखादी शिवराई निघण्याचा संभव असतो. तांब्याच्या या नाण्यावर एकीकडे ‘श्री राजा शिव’ व दुसरीकडे ‘छत्रपति’ अशीं अक्षरें असावयाचीं; परंतु बहुधा त्यांतील एखादें अर्धेंच दिसतें. घरचीं माणसें म्हणतात, झिजलें. विकणारा म्हणतो, टांकसाळीची दुर्मिळ चूक, आणि किंमत वाढवितो. बहुतेक वेळां दोघेहि चुकतात.

शिवराई हातानें पाडीत. खालचा ठसा पक्का बसविलेला, वरचा कारागिराच्या हातांत, मध्यें तांब्याची चकती, आणि वरून हातोड्याचा घाव. चकती ठशाहून लहान असल्यामुळें सगळीं अक्षरें तिच्यावर मावतच नसत. कडेला तुटलेलें अक्षर हा या नाण्याचा स्वभावच होय. दुसऱ्या घावाच्या वेळीं चकती सरकून अक्षरें दुहेरी उमटलीं, तर ती मात्र खरी चूक.

परीक्षकानें एवढेंच पाहावें कीं, धातु कोठें गेला? ठसा जेथें पोंचला नाहीं तेथें अक्षर नसतें, पण धातु जागच्या जागीं असतो. गळ्यांत घालण्यासाठीं मागाहून भोंक पाडलें, तर त्याच्या कडेचा धातु अक्षरावर चढतो. सराफानें मारलेली खूण अक्षर चेपून बसते. ताज्या कापांत तांबें लाल दिसतें. मात्र दोनशें वर्षांपूर्वींच्या कापास रंगावरून ओळखणें कठीण.

कधीं आधींचें नाणें वरच्या ठशास चिकटून राही. मग पुढच्या चकतीवर एकच बाजू दोनदां उमटे, एकदां उठावाची, एकदां खोल व उलटी. हौशी संग्राहकांस अशीं नाणीं फार प्रिय. म्हणून दोन नाणीं एकमेकांवर दाबून तसलीं बनविणारेहि निघतात. त्यांची उठावाची बाजू चेपलेली सांपडते.

घाव चुकीचाहि नाहीं आणि मोडतोडीचाहि नाहीं, असें मोठें उदाहरण नाशिकजवळ जोगळटेंभीचें. तेथें १९०६ सालीं क्षहरात नहपानाचीं १३,००० हून अधिक चांदीचीं नाणीं सांपडलीं. पैकीं ९,००० हून अधिक नाण्यांवर राजाच्या मुखावर दुसरेंच कांहीं ठोकलेलें होतें. तें एकट्यादुकट्याचें कृत्य असतें, तर खुणा नाना तऱ्हेच्या असत्या. येथें तोच चैत्य, तेंच उज्जयिनी-चिन्ह, आणि गौतमीपुत्र सातकर्णीचें नांव. जेत्यानें जिंकलेल्याचें चलन पुन्हां टांकसाळींत घातलें होतें. कांहीं नाण्यांवर नव्या ठशाखालून नहपानाच्या चेहऱ्याची रेषा अजून डोकावते.