पाय माझा, आकडा कुणाचा?

गेल्या महिन्यात पुण्याहून मुंबई विमानतळावर जायला कॅब केली. नेहमीप्रमाणे निघायला उशीर. (चूक माझीच. निघता निघता आलेल्या एका मेलला उत्तर देत बसलो.) एक्स्प्रेसवेला लागल्यावर गाडी ८० वर जाऊन जी अडकली ती पुढे हलेचना. बाजूने सगळ्या गाड्या सूं सूं करत चालल्यायत आणि आम्ही आपले वरातीत निघाल्यासारखे. शेवटी न राहवून म्हटलं, "काका, जरा दाबा की, फ्लाइट आहे." काकांनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, गव्हर्नर बसवलाय. पाय पार खाली आहे बघा."

फ्लाइट मिळाली. (विमानच लेट होतं.) पण रस्ताभर मी मनातल्या मनात त्या गव्हर्नरला शिव्या घातल्या, हे कबूल करतो.

खरी गंमत पुढच्या शनिवारी झाली. त्याच रस्त्यावर, माझ्या स्वतःच्या गाडीत, शेजारी कॉलेजचा मित्र. मी क्रूझ कंट्रोल ९० वर लावलं, पाय काढून घेतला आणि त्याला कौतुकाने दाखवलं, "बघ, काही करावं लागत नाही!" हे म्हणताना एकदम काका आठवले. त्यांची गाडी एका आकड्यावर अडकवलेली, माझीही एका आकड्यावर अडकवलेली. एका यंत्राला मी शिव्या घालतो आणि दुसऱ्यासाठी महागडं व्हेरियंट घेताना जास्तीचे पैसे मोजतो. असं का? मग दोन रविवार या विषयावर वाचण्यात गेले. त्यातून जे सापडलं ते इथे मांडतोय.

आधी थोडं तांत्रिक. कंट्रोल सिस्टिम्स हा विषय ज्यांनी परीक्षेच्या आदल्या रात्री वाचला (माझ्यासारखा), त्यांनी घाबरू नका. आजच्या गाडीत वेग मोजणारा सेन्सर एकच, हिशेब करणारा कॉम्प्युटर एकच आणि इंजिनाला हवा किती द्यायची ते ठरवणारी झडपही एकच. कॉम्प्युटरकडे दोन आकडे असतात. एक, तुमचा पाय किती मागतोय. दोन, ठरवलेल्या वेगासाठी किती पुरे आहे. क्रूझ कंट्रोल या दोनांतला मोठा आकडा घेतं, म्हणून पाय काढला तरी गाडी चालत राहते आणि ओव्हरटेक करायला जास्त दाबलं तर ऐकते. लिमिटर दोनांतला लहान आकडा घेतो, म्हणून ठरवलेल्या वेगाच्या खाली तुम्ही राजे आणि त्याच्या वर तो राजा. मॅक्स आणि मिन. प्रोग्रॅममध्ये एका शब्दाचा फरक!

या दोघांचा आजोबा म्हणजे जेम्स वॉटचा गव्हर्नर. १७८८ साली वॉटने वाफेच्या इंजिनावर दोन फिरते गोळे बसवले. इंजिन जोरात फिरलं की गोळे बाहेर फेकले जातात आणि वाफेची झडप मिटू लागते, मंदावलं की गोळे आत येतात आणि झडप उघडते. १८६८ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेलने अशा गव्हर्नरांवर एक निबंध लिहिला आणि आपला परीक्षेचा विषय जन्माला आला. (धन्यवाद, मॅक्सवेलसाहेब.) गिरणीत आकडा कुठला हा वादच नव्हता, कारण यंत्राला मत नसतं. वाद सुरू झाला तो गव्हर्नर मोटारीत आल्यावर. मोटारीत माणूस बसतो आणि माणसाला मत असतं!

पहिली मोठी चकमक झाली अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात, १९२३ साली. मोटारी वाढल्या होत्या आणि त्याबरोबर रस्त्यावर मरणारी माणसंही, त्यात लहान मुलं पुष्कळ. वैतागलेल्या नागरिकांनी प्रस्ताव आणला की शहरातल्या प्रत्येक मोटारीत गव्हर्नर बसवा आणि ताशी २५ मैलांच्या, म्हणजे साधारण ४० किलोमीटरच्या, पुढे ती जाताच कामा नये. सुमारे ४२ हजार लोकांनी सह्या केल्या. प्रकरण मतदानापर्यंत गेलं. मग मोटारी विकणारे आणि त्यांचे मित्र खडबडून जागे झाले. त्यांनी जोरदार प्रचार केला आणि नोव्हेंबरमध्ये प्रस्ताव दणकून आपटला. त्यानंतर अमेरिकेत जी भाषा रूढ झाली ती अशी की दोष मोटारीच्या वेगाचा नाही, बेफिकीर चालकाचा आणि रस्त्यात येणाऱ्या पादचाऱ्याचा आहे. थोडक्यात, दुसऱ्याने ठरवलेला आकडा नापास.

आता या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता माणूस. राल्फ टीटर. जन्म १८९०, गाव इंडियाना राज्यातलं हेगर्सटाऊन. पाचव्या वर्षी सुरीशी खेळताना डोळ्याला इजा झाली आणि पुढे दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. तरी हा मुलगा १९१२ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअर झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याने नौदलाच्या जहाजांच्या टर्बाइनचे रोटर समतोल करण्याचं काम केलं, केवळ हाताच्या स्पर्शावर. पुढे पिस्टन रिंग बनवणाऱ्या 'परफेक्ट सर्कल' या घरच्या कंपनीचा तो अध्यक्ष झाला.

टीटर अर्थातच गाडी चालवू शकत नसे. तो कायम प्रवासी. असं सांगतात की त्याचा वकील गाडी चालवताना गप्पा मारायचा. स्वतः बोलत असला की वेग कमी, ऐकत असला की वेग जास्त. डोळस माणसाच्या हे लक्षातही येणार नाही, पण टीटरला गाडीचा प्रत्येक हिसका अंगावर जाणवायचा. त्यातच दुसऱ्या महायुद्धात टायर आणि पेट्रोल वाचवण्यासाठी अमेरिकेत ताशी ३५ मैलांची मर्यादा लागू झाली होती. टीटर कामाला लागला.

१९५० साली मिळालेल्या त्याच्या पेटंटच्या नावाचा मराठीत अर्थ होतो, 'अ‍ॅक्सिलरेटर दाबण्याला विरोध करणारं वेगनियंत्रक साधन'. विरोध करणारं! म्हणजे ज्याला आपण क्रूझ कंट्रोलचा जनक म्हणतो त्याने आधी बनवला तो जवळजवळ लिमिटरच. चालकाने डॅशबोर्डवर वेग निवडायचा. गाडी त्या वेगाला पोचली की पेडल पायाला उलट ढकलू लागायचं. जास्त जोर लावला तर पुढे जाता यायचं, पण पायाला कळायचं की मर्यादा ओलांडली. वेग धरून ठेवण्याची आणि ब्रेकला पाय लागताच सोडून देण्याची सोय त्याने नंतर जोडली.

आणि लोकांनी उचलली ती ही नंतरची सोय. १९५८ च्या क्रायस्लरच्या महागड्या गाड्यांत हे यंत्र 'ऑटो-पायलट' नावाने आलं, कॅडिलॅकने त्याला 'क्रूझ कंट्रोल' म्हटलं आणि ते नाव चिकटलं. नावंच बघा ना. एकात वैमानिक, दुसऱ्यात जहाजाची सफर. पायाला विरोध करणाऱ्या पेडलची जाहिरात करणार कशी? १९७३ च्या तेलसंकटानंतर १९७४ मध्ये अमेरिकेत देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली. लांबलचक सरळ रस्ते, ऑटोमॅटिक गियर, महाग पेट्रोल आणि दंडाची भीती. क्रूझ कंट्रोल फोफावायला आणखी काय हवं? मर्यादा सरकारचीच होती, पण बटण चालक स्वतः दाबत होता.

युरोपात चित्र जरा वेगळं. तिथे १९९२ च्या निर्देशाने मोठ्या ट्रकना ताशी ९० आणि मोठ्या बसना १०० किलोमीटरचा लिमिटर सक्तीचा झाला, तेव्हा ट्रकवाल्यांना कुणी आवड विचारली नाही. कारमध्ये मात्र लिमिटर आला तो चालकाच्या हातात. या शतकाच्या सुरुवातीला रेनो, पेजो, सिट्रोएन यांच्या गाड्यांत एकाच कळीवर दोन्ही सोयी दिसू लागल्या, एकीकडे क्रूझ आणि दुसरीकडे लिमिटर. याच सुमारास, २००३ मध्ये, फ्रान्सने रस्त्यांवर स्वयंचलित कॅमेरे बसवायला सुरुवात केली. लायसन्सवरचे पॉइंट कापण्याची पद्धत तर १९९२ पासूनच होती. तेव्हा ५० च्या गावातून ५८ ने गेलात तर घरी पत्र यायचं आणि पॉइंट वजा व्हायचा. गर्दीत क्रूझचा उपयोग शून्य, सारखा ब्रेक मारावा लागतो. लिमिटरमध्ये पाय पेडलवरच राहतो, पाहिजे तितका हळू जा, फक्त ५० च्या वर जाणार नाही. आणि खरंच अडलं तर पेडल तळापर्यंत दाबा, तो बाजूला होतो. म्हणजे मोकळ्या रस्त्याला क्रूझ, कॅमेऱ्याच्या रस्त्याला लिमिटर. आवड स्वभावावर जेवढी, तेवढीच रस्त्यावर अवलंबून.

आता खरा प्रश्न. आकडा गाडीनेच ठरवला तर? स्वीडनमध्ये १९९९ ते २००२ या काळात उमेओ, बोरलेंग, लिडशोपिंग आणि लुंड या चार ठिकाणी मिळून सुमारे पाच हजार गाड्यांवर हा प्रयोग झाला. गाडीला त्या रस्त्याची मर्यादा माहीत असायची. कुठे दिवा लागायचा, कुठे आवाज यायचा, आणि लुंडमध्ये मर्यादा ओलांडताना पेडल पायाला विरोध करायचं. टीटरचं पेडल पन्नास वर्षांनी परत आलं! २००६ मध्ये इंग्लंडच्या लीड्स विद्यापीठातल्या संशोधनातून एक जरा टोचणारी गोष्ट पुढे आली. अशी यंत्रणा ऐच्छिक ठेवली तर ज्यांना वेगाची हौस आहे, तेच ती कमी वापरतात. म्हणजे ज्यांना औषधाची गरज, त्यांचाच डॉक्टरवर विश्वास नाही.

यावर युरोपीय संघाने काढलेला तोडगा मला अगदी सरकारी वाटला. :-) जुलै २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारमध्ये मर्यादा ओळखून चालकाला सावध करणारी यंत्रणा सक्तीची आहे. पण जोर लावून तिच्या पुढे जाता येतं आणि ती बंदही करता येते. फक्त पुढच्या वेळी गाडी सुरू केली की ती पुन्हा चालू. आकडा सरकारचा, शेवटचा शब्द पायाचा.

आपल्याकडे १ ऑक्टोबर २०१५ पासून बनलेल्या बहुतेक व्यावसायिक वाहनांना ८० चा गव्हर्नर लागला, स्कूल बस, टँकर, डंपर यांना ६० चा. खासगी कारला जुलै २०१९ पासून फक्त पिपाणी. ८० च्या वर अधूनमधून वाजते, १२० च्या वर सतत. नीट बघा. रस्ता तोच, वेग तोच, लागणारा मारही तोच. पण पिवळ्या पाटीवाल्याच्या पायाला बेडी आणि पांढऱ्या पाटीवाल्याच्या कानाला विनंती. सिनसिनाटीच्या मतदारांनी जे नाकारलं ते आपण ज्यांना मत विचारलं जात नाही त्यांच्यावर लादलं. इथपर्यंत आल्यावर मला वाटलं, झाला लेख. काकांवर अन्याय, पूर्णविराम.

पण काकांशी झालेलं बोलणं अजून पूर्ण सांगितलंच नाही. खालापूर टोलनाक्याच्या आसपास मी विचारलं होतं, "काका, वैताग येत नाही का हो याचा?" ते म्हणाले, "आधी यायचा. पण साहेब, आधी प्रत्येक पॅसेंजर म्हणायचा दाबा, दाबा. नाही म्हटलं की तोंड वाकडं, वर रेटिंग कमी. पन्नाशीला आलो, घाटात रात्री भीती वाटते, पण ते सांगणार कुणाला? आता सांगतो, गाडीच जात नाही."

मी गप्प बसलो. त्या दिवशीचा 'दाबा' म्हणणारा पॅसेंजर मीच होतो.

मला वाटत होतं, आकडा स्वतः ठरवला की स्वातंत्र्य आणि दुसऱ्याने ठरवला की बंधन. शंभर वर्षांचा इतिहास बराचसा तेच सांगतो. पण माझ्या गाडीत आकडा मी ठरवतो, कारण मागच्या सीटवर माझा साहेब बसलेला नसतो. काकांच्या गाडीत गव्हर्नर नव्हता, तेव्हाही आकडा काका ठरवतच नव्हते. तो मागच्या सीटवरून यायचा. सरकारच्या ८० ने निदान त्यांना नाही म्हणायची सोय दिली. आणि पहिलं पेडल ज्याने बनवलं तोही मागे बसणाराच होता, फक्त त्याला गाडी वेगात जायला नको होती, सारख्या वेगात जायला हवी होती.

असो. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच विमान पकडायचंय. या वेळी अर्धा तास आधी निघणार आहे.