दादरचा वडा आणि आमचा कॅमेरा

मुंबईत छायाचित्रणाची संस्था १८५४ साली निघाली, डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिचे सभासद होते. त्या मानाने वडापाव अलीकडचा. १९६६च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्यांनी तो प्रथम विकला, असे सांगतात. १९८२च्या गिरणी संपानंतर कित्येक कामगारांनी वड्याच्या गाड्या टाकल्या. संसार त्या कढईवर तरले.

सरकारी नोकरीने रायपुरास येण्यापूर्वी आम्ही दादरच्या रस्त्यांची पुष्कळ छायाचित्रे टिपली. येथे चौबे कॉलोनीत ती पाहताना खंत वाटते. फुलबाजार आहे, गिरणीचे धुराडे आहे. कढईपुढचा माणूस मात्र एकाही चित्रात नाही. कॅमेऱ्यास दोन्ही हात लागतात, आणि आमच्या एका हातात त्यानेच दिलेला वडा असे.